कोरियातील चिमुकल्यांना इंग्रजी शिकवताना : पहिल्या दिवसांचे अनुभव

दक्षिण कोरियात शाळेचे वर्ष मार्चच्या आरंभी सुरू होते. 1997 पासून तेथे इंग्रजी हा विषय प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून शिकवला जातो. या वर्गांत परदेशी शिक्षक म्हणून उभे राहणाऱ्यांमध्ये आता मराठी मंडळीही आहेत. काही जण अमेरिका किंवा कॅनडाचे नागरिक म्हणून गेले, तर 2010 मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीय नागरिकांनाही सहायक इंग्रजी शिक्षकाचा ई-2 व्हिसा मिळू शकतो. व्हिसा आणि पगार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्गात पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात काय उपयोगी पडते, हे मात्र तेथे शिकवलेल्यांनीच सांगायला हवे. आपले अनुभव लहान मुलांच्या वर्गापुरते ठेवावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

देजॉन, सरकारी प्राथमिक शाळा, तिसरी ते सहावी

नाशिकला शिकवत असताना वर्ग शांत करण्यासाठी मला कधी विशेष काही करावे लागले नव्हते, पण येथे माझ्या भाषेतला एक शब्दही न समजणारी तिसरीची मुले समोर होती. माझ्या सहशिक्षिकेने ‘पाक्सू से बॉन, शिजाक!’ म्हणजे ‘तीन टाळ्या, सुरू!’ एवढेच म्हटले आणि सगळ्या वर्गाने एका ठेक्यात तीन टाळ्या वाजवून हात मांडीवर ठेवले. ही सवय मुलांना बालवाडीपासून लागलेली असते. दुसऱ्या तासाला तीच सूचना मी इंग्रजीतून दिली, टाळ्यांची संख्या बदलत गेले आणि मुले कान देऊन ऐकू लागली. एक ते दहा अंकांचा सराव वेगळा घ्यावा लागला नाही. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की नवीन शिक्षकाने स्वतःची शिस्त घेऊन येण्यापेक्षा वर्गात आधीच रुजलेल्या रीतींमध्ये इंग्रजी पेरावे. पाळी कोणाची हे ठरवण्यासाठी मुले दिवसभर ‘काउई-बाउई-बो’ खेळतात. तोच दगड-कागद-कात्रीचा खेळ इंग्रजीतून घेतला की लाजरे मूलही तोंड उघडते.

‘हाऊ ओल्ड आर यू?’ हा पाठ सुरुवातीलाच येतो आणि त्याची तयारी करून जाणे आवश्यक आहे. जून 2023 पासून कोरियात कायद्याने आंतरराष्ट्रीय पद्धतीने वय मोजले जाते, पण घरोघरी जुनी गणना अजून चालते, म्हणजे जन्मताच एक वर्ष धरायचे आणि दर नववर्षाला एक वाढवायचे. त्यामुळे एकाच बाकावरची दोन मुले, दोघेही 2015 सालचे, 2024 च्या मार्चमध्ये एक ‘आठ’ म्हणाला आणि दुसरा ‘दहा’, आणि दोघांचेही उत्तर बरोबर होते. मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि ज्याला जे सांगायचे असेल ते पूर्ण वाक्यात सांगू दिले.

बुसान, सरकारी प्राथमिक शाळा

टाळ्यांचा उपयोग मला उच्चारांसाठी झाला. कोरियन लिपीत जोडाक्षर नाही आणि पुष्कळशा व्यंजनांवर शब्द संपत नाही, म्हणून ‘डेस्क’ हा शब्द मुले ‘दे-सु-खु’ असा तीन तुकड्यांत म्हणतात आणि ‘स्ट्राइक’चे तर पाच तुकडे होतात. एका शब्दाला नुसते ‘असे नको, असे’ म्हणत राहिल्याने मुले हिरमुसतात. आम्ही आधी त्यांच्या पद्धतीने टाळ्या वाजवत होतो, मग तोच शब्द एका टाळीत बसवत होतो, आणि हा फरक मुलांना हाताने कळला.

मराठी शिक्षकांनी एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. ‘फिश’ म्हणताना मुलांच्या तोंडून आपल्या ‘फळ’मधला, ओठ मिटून काढलेला फ येतो आणि ‘झू’ म्हणताना ‘जीभ’मधला ज येतो. या दोन्ही खोडी मराठी माणसाला लगेच ओळखता येतात, कारण ते ध्वनी आपल्याकडे आहेत आणि ‘जागा’मधला वेगळा ज आपण लहानपणापासून उच्चारतो. इंग्रजी ही आपलीही शिकून घेतलेली भाषा आहे, ही जाणीव या कामात मोलाची ठरते; जीभ कोठे ठेवायची हे आपल्याला सांगता येते.

ग्वांगजू, प्राथमिक शाळा

मी पुण्याची आणि शाकाहारी आहे. जेवण मुलांबरोबर, कप्प्यांच्या स्टीलच्या ताटात असते आणि शिक्षकाच्या ताटात काय आहे याकडे सर्वांचे लक्ष असते. किमचीतही, म्हणजे तेथल्या आंबवलेल्या भाज्यांच्या लोणच्यातही, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, हे आधी माहीत असावे. मी वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी स्पष्ट कल्पना दिली आणि तिने मुलांना समजावून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून दुसरीतली एक मुलगी प्रत्येक पदार्थाकडे बोट दाखवून ‘टीचर, ओके? नो?’ असे विचारू लागली आणि आठवडाभरात भात, डाळीचे मोड, अंडे, मासा यांची इंग्रजी नावे तिने जेवतानाच आत्मसात केली. ताट पुढे करताना किंवा कागद देताना मुले दोन्ही हातांनी देतात; आपणही दोन्ही हातांनी घ्यावे. खाऊ मात्र सरकारी शाळेत घेऊ नये, कारण 2016 पासून लागू असलेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यामुळे पालकांकडून आलेली कॉफीसुद्धा शिक्षकाला चालत नाही.

मुलांची नावे लाल शाईने लिहू नयेत, हेही मला वर्गशिक्षिकेने आधीच सांगितले. तेथे ते मृत्यूशी जोडले जाते.

सोलजवळ, खासगी इंग्रजी बालवर्ग

मी टोरंटोचा, आईवडील कोल्हापूरचे. ज्यांना लोक ‘इंग्रजी बालवाडी’ म्हणतात त्या संस्था कायद्याने शिकवणी वर्ग, म्हणजे ‘हागवॉन’ असतात, त्यामुळे वरील शाळांपेक्षा आमचा अनुभव वेगळा आहे. सहशिक्षिका नसते, मुले पाच-सहा वर्षांची असतात आणि पालकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. सकाळी ती पोटावर हात जुळवून कमरेतून वाकून नमस्कार करतात. पहिल्या दिवशी एक मुलगा दारापाशी रडत बसला होता. यादीत त्याचे इंग्रजी नाव होते आणि त्या नावाने हाक मारल्यावर तो वळूनही पाहत नव्हता. कार्यालयातून त्याचे खरे नाव विचारून घेतले, ते हळू उच्चारले, तेव्हा तो उठून आत आला. इंग्रजी नावे देण्याची ही प्रथा मला पटत नाही. रडणाऱ्या मुलाला शांत करण्यापुरती चार कोरियन वाक्ये प्रत्येक शिक्षकाला यायलाच हवीत, मग संस्थेचा नियम ‘फक्त इंग्रजी’ असला तरीही.

सुवॉन, प्राथमिक शाळा

टोरंटोच्या दादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण माझ्या वर्गात काही मुलांनी इंग्रजी नाव स्वतः निवडले होते आणि त्या नावाने बोलताना त्यांची भीड कमी होत असे. म्हणून मी मुलांनाच विचारते. खरी नावे मात्र सर्वांची पाठ करते. एका वर्गात किम, ली आणि पार्क ही आडनावे इतक्यांची असतात की आडनावाचा काही उपयोग होत नाही. सहशिक्षिकेने तिच्या आवाजात हजेरीची यादी माझ्या फोनवर ध्वनिमुद्रित करून दिली होती आणि ती मी मार्च उजाडण्यापूर्वीच बसमध्ये ऐकत होते. नव्याने जाणाऱ्यांनी ही यादी फेब्रुवारीतच मागून घ्यावी, कारण वर्गवाटणी झाली की शाळेकडे ती तयार असते.