मदत हवी आहे: भावाचा अल्सरेटिव्ह कोलायटिस घरी कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही गंगाखेडजवळच्या खेड्यातले. धाकट्या भावाला दीड वर्षापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज अन् जखमा. मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणाऱ्या गोळ्या) चालू आहे, पण बरं वाटलं की हा गोळ्या सोडतो अन् महिना-दोन महिन्यांत पुन्हा रक्त पडायला लागतं. आधी आठ महिने मूळव्याधीचंच औषध चाललं, ते वेगळंच. मध्यंतरी कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणून खाल्ली. नंतर डॉक्टर म्हणाले, या आजारात ती टाळायची.

पोटाचे डॉक्टर संभाजीनगरला, जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून कॅलेंडरच्या चौकोनात मी रोज लिहिते: शौचाला किती वेळा, रक्त होतं का, गोळी घेतली का. मागच्या खेपेला डॉक्टरांनी आधी तेच पान पाहिलं.

तुम्ही कशी नोंद ठेवता? त्रास किती वाढला की वाट न बघता निघायचं, हे कुणी डॉक्टरांकडून लिहून घेतलंय का? कॅलप्रोटेक्टिनची (आतड्याची सूज कळायला शौचाची करतात ती) तपासणी परभणी-नांदेडला होते का? ठेचा सोडवला, पण त्रासाच्या दिवसांत भाकरी चालते की भातच? अन् कापूस वेचणीला दिवसभर रानात असणारे काय करता?

काढे, चूर्णं कृपया सुचवू नका, घरात डबा भरलाय.