मदत हवी आहे: जुने २.१ स्पीकर ठेवू की होम थिएटर घेऊ?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या बोनसातले पंचवीस हजार बायकोने 'तुझे तू उडव' म्हणून मोकळे सोडलेत. असा योग परत कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तिचा विचार बदलायच्या आत विचारून घेतो.

सध्या घरी संगणकासाठी २०१२ साली घेतलेला २.१ सेट आहे. दोन छोटे डबे आणि एक लाकडी खोका, म्हणजे खर्ज (जाड, घुमणारा आवाज) वाजवणारा वूफर. नंतर संगणक हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला जोडला, तेव्हा स्पीकरही त्याच्या मागोमाग हॉलमध्ये आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, इतकी वर्षं चाललं त्याला आता काय नावं ठेवायची. पण गेल्या पावसाळ्यापासून खोका 'घूंऽऽ' करत बसतो, आवाज शून्यावर नेला तरी. वायरच्या टोकाला जे आवाजाचं चक्र आहे ते फिरवलं की खर्र होतं आणि डावा डबा गप्प बसतो. मग चक्रावर टिचकी मारायची. हे काम बाबांकडे आहे, त्यांची खुर्ची जवळ म्हणून.

खरी तक्रारही बाबांचीच. वय ७४. त्यांचं म्हणणं, "गाणं लागलं की भिंती हलतात आणि माणसं बोलायला लागली की कुजबुजतात." ते खरंच आहे. सिनेमा बघताना माझा एक हात सतत आवाजावर असतो. मारामारी आली की कमी, संवाद आले की जास्त.

मागच्या रविवारी दुकानात गेलो. तिथल्या पोराने गाड्यांच्या पाठलागाचा प्रसंग लावला, गाडी डाव्या कानामागून उजव्या कानामागे गेली आणि मी विरघळलो. "साहेब, थेटरच घरी घेऊन चाललात समजा." बायकोने बाहेर ओढून आणलं नसतं तर कार्ड घासूनच आलो असतो.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, सोनीचा एचटी-एस२०आर, म्हणजे पुढे साउंडबार (टीव्हीपुढचा लांबट स्पीकर), मागे दोन वायरवाले स्पीकर आणि वूफर. दोन, एडिफायर आर१२८०टी, फक्त दोनच स्पीकर, पण बरे. तीन, एक मित्र बंगळुरूला चाललाय, त्याचा २०१३ चा ५.१ एव्ही रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक वूफर यांना आवाज वाटून देणारा डबा) दहा हजारांत देतो म्हणतो, स्पीकर नाहीत.

हॉल १० बाय १४. घर भाड्याचं, घरमालक खिळा ठोकला तरी फोन करतात. टीव्ही साधा फुल एचडी. काय करू?

प्रतिसाद १

आधी बाबांचे कान तपासून घ्या. थट्टा नाही करत. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही साउंडबार आणला आणि सहा महिन्यांनी कानाचं यंत्र. क्रम उलटा असता तर साउंडबारचे पैसे वाचले असते.

धागाकर्ता

मार्चमध्येच तपासलेत, वयाच्या मानाने ठीक आहेत म्हणाले. फोनवर पलीकडचा काय बोलतो ते नीट कळतं. आम्ही स्वयंपाकघरात हळू बोलतो ते तर फारच नीट कळतं.

प्रतिसाद २

मग दोष मांडणीचा असणार. सिनेमाच्या ५.१ मिश्रणात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरवर, म्हणजे सेंटरवर असतात. तुमच्याकडे सेंटरच नाही, त्यामुळे तो आवाज डाव्या-उजव्यात अर्धा अर्धा वाटला जातो, आणि त्याच दोघांतून गाड्या, पाऊस, पार्श्वसंगीत सगळं येतं. बरोबर मध्ये बसलेल्याला संवाद पडद्यातून आल्यासारखा वाटतो. कडेला बसलेल्याला मात्र जवळच्या डब्यातूनच सगळं ऐकू येतं.

एक सांगा, बाबांची खुर्ची नक्की कुठे आहे? आणि वूफर?

धागाकर्ता

खुर्ची डाव्या कोपऱ्यात, बाल्कनीच्या दाराशी. वूफर... त्याच कोपऱ्यात, खुर्चीच्या मागे. लिहितानाच लाज वाटली.

प्रतिसाद २

सापडलं! कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, तिथे ठेवलेल्या वूफरचा खर्ज आपोआप चढतो. तो चढवलेला खर्ज तुम्ही बाबांच्या पाठीला लावून ठेवलाय. त्यांना संवाद ऐकू येतात तेच नवल. आज रात्री एक फुकटचा प्रयोग करा. वूफर उचलून बाबा बसतात त्या खुर्चीवर ठेवा, खर्ज असलेलं एखादं गाणं लावा आणि स्वतः हॉलभर जमिनीलगत रांगा. जिथे खर्ज घुमत नाही, पण स्वच्छ ऐकू येतो, तिथे वूफर ठेवायचा. लोक हसतील, हसू द्या. शिवाय संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये सिनेमा बघत असाल तर ध्वनीच्या परिणामांत कंप्रेसर आहे, तो चालू करा. मोठे आवाज दाबले जातात, म्हणजे एकूण आवाज वाढवून बारीक बोलणंही ऐकता येतं.

प्रतिसाद ३

मी या धाग्यावर खालच्या मजल्यावरच्या माणसांचा प्रतिनिधी म्हणून आलोय. आमच्या डोक्यावर एक होम थिएटर राहतं. संवाद एकही कळत नाही, स्फोट मात्र सगळे कळतात. रात्री अकरानंतर आमच्या काचेच्या कपाटातले कप वाजतात. वूफर घ्या, पण त्याच्याखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा घाला. म्हणजे निदान लादीतून हादरा कमी उतरतो. हवेतून येणारा खर्ज त्याने थांबत नाही. त्याला आवाज कमी करणं हाच उपाय.

प्रतिसाद ४

५.१ च्या प्रेमात पडण्याआधी मागचे स्पीकर कुठे ठेवणार ते बघा. मांडणीचा नियम असा की पुढचे दोन तुमच्या समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. १० बाय १४ च्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असणार, मागे जागाच नाही. मग स्पीकर बाजूच्या भिंतींवर, आणि तिथे तुमचा घरमालक फोन घेऊन उभा. दुकानात खुर्ची खोलीच्या मधोमध असते, म्हणून गाडी कानामागून जाते.

दुसरी मेख वायरीत आहे. त्या साउंडबारला एचडीएमआयचं एकच भोक आहे आणि ते टीव्हीच्या एआरसीला, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआयच्या भोकाला जोडायचं. संगणक टीव्हीत, टीव्ही बारमध्ये. पण साध्या एआरसीतून किंवा ऑप्टिकल वायरीतून न दाबलेला (म्हणजे डेटा लहान न केलेला) आवाज फक्त दोन वाहिन्यांचा, म्हणजे डाव्या-उजव्याचाच जातो. डॉल्बी डिजिटलमध्ये दाबलेला असेल तरच पाचही मिळतात, आणि तेही तुमचा टीव्ही तो पुढे सोडत असेल तर. बरेच टीव्ही संगणकाकडून आलेलं दोन वाहिन्यांवर आणून सोडतात. म्हणजे सिनेमाच्या फाइलीचं जमेलही, पण संगणकावरच्या गेमचा आवाज सहसा दोनच वाहिन्यांत येईल. बाकीचे तीन स्पीकर अंदाजाने काहीतरी वाजवत बसतील.

आणि खोक्यावरचे वॅट बघताना पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा विसरा, आरएमएस (सतत देता येणारी ताकद) विचारा. तोही दुप्पट झाला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवेल इतकाच. १० बाय १४ ला वॅट कमी पडणार नाहीत.

धागाकर्ता

प्रयोगाचा अहवाल. काल रात्री रांगलो. बायकोने व्हिडिओ काढला, तो आता सासरच्या ग्रुपवर आहे. वूफर टीव्हीच्या उजवीकडे, भिंतीपासून हातभर पुढे आला. बाबांची खुर्ची सोफ्याच्या बाजूला सरकवली, तीनच फूट, पण त्यासाठी तुळशीची कुंडी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि बाबांचं मन अशी तिन्ही हलवावी लागली. फरक आहे. भिंती हलत नाहीत. संवादासाठी बाबा अजून पुढे वाकतात, पण "काय म्हणाला?" दर मिनिटाला येत नाही.

दुसरं, आज पुण्यातल्या तापकीर गल्लीत एकाकडे खोका उघडून घेतला. आतला मोठा कपॅसिटर वरून फुगलेला होता, भाकरी फुगते तसा. ते म्हणाले, विजेच्या आवर्तनाचा चढउतार हा सपाट करतो, तो मेला की तोच चढउतार स्पीकरमध्ये घूं म्हणून ऐकू येतो. दोन कपॅसिटर बदलले, चक्रात कसलासा स्प्रे मारून ते दहा-वीस वेळा फिरवलं. साडेतीनशे रुपये. घूं गेलं, खर्र गेलं. बाबा टिचकीला मुकले.

आता पंचवीस हजारांतले चोवीस हजार साडेसहाशे शिल्लक आहेत आणि प्रश्न अजून तोच.

प्रतिसाद ४

प्रश्न तोच नाही राहिला. तुम्हाला मागचे स्पीकर नकोत, सेंटर हवाय. म्हणून एडिफायर बाद. ते दोन स्पीकर तुमच्या डब्यांपेक्षा खूप चांगले आहेत, गाण्यांसाठी मी डोळे मिटून सांगितले असते, पण दोघांच्या मध्ये तिसरा नाही. साउंडबारमध्ये सेंटर आहे. घ्यायचाच असेल तर दुकानात रिमोट हातात घ्या आणि सेंटरचा आवाज एकट्याने वाढतो का ते बघा. नसेल वाढत तर अर्धा फायदा गेला.

मी तुमच्या जागी असतो तर मित्राचा रिसीव्हर घेतला असता. त्याला एचडीएमआय इनपुट असतील तर संगणक थेट रिसीव्हरमध्ये आणि तिथून टीव्हीत जाईल, वरची एआरसीची कटकटच संपली. जुन्या रिसीव्हरचा दोष म्हणजे नव्या ४के टीव्हीशी त्यांचं बरेचदा नीट जमत नाही. तुमचा टीव्ही फुल एचडी, म्हणून तो दोष तुम्हाला लागूच नाही. उरलेल्या पैशांत एक सेंटर आणि पुढची एक जोडी. एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली घ्या, नाहीतर माणूस पडद्यावर चालत गेला की मध्येच त्याचा आवाज बदलतो. मग रिसीव्हरच्या यादीत मागचे स्पीकर 'नाहीत' असं नोंदवा आणि सेंटर तीन-चार डेसिबल चढवा. स्वतःच्या घरात गेलात की मागचे दोन लावा, तोवर कोणी मागे लागलेलं नाही.

आणि दुरुस्त केलेला खोका टाकू नका. त्याचे दोन डबे काढून ठेवा, रिसीव्हरच्या सबवूफरच्या भोकातून एक वायर त्या खोक्याला द्या. थाटाचा वूफर नव्हे, पण ८० हर्ट्झच्या खालचं जमेल तेवढं तो वाजवेल.

प्रतिसाद ३

कमीच वाजवू दे.

धागाकर्ता

रविवारी मित्राकडे जातोय. सगळी भोकं तपासून, दोन तास चालवून, गरम किती होतो ते बघून मगच पैसे देईन. बाबा सोबत येणार आहेत. पेनड्राइव्हवर त्यांनी एक जुनं नाटक भरून घेतलंय, "गाड्याबिड्या नकोत, माणसं बोलतायत ते ऐकव" म्हणून.

एक शेवटची शंका. रिसीव्हर टीव्हीखालच्या फडताळात बसतो, पण वर जेमतेम एक इंच उरतो. चालेल का?

प्रतिसाद ४

नाही चालणार. वर निदान चार-पाच इंच हवेत, मागची बाजूही मोकळी हवी. फळी काढा किंवा तो फडताळाच्या वर ठेवा. वर ठेवलात तर घरातल्या कोणालाही त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालू देऊ नका.

धागाकर्ता

रुमाल आईने आत्ताच काढून ठेवलाय. मोराचा आहे. बोलतो तिच्याशी.