गिरिराज जातीच्या कोंबडीची पिल्लं आणलीत, स्वस्तात खुराडं कसं करू?

काल बाजारातनं दहा पिल्लं आणली, खोक्यात ठेवलीत पण रात्रभर चिवचिव करत एकमेकांवर चढत होती आणि तयार पिंजरा लई महाग सांगतायत, काय करू?

— अहो ताई, थंडी वाजतेय त्यांना! ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा, पहिला आठवडा ३५ अंशाच्या आसपास ऊब पाहिजे. लांब पळून चोच उघडी ठेवली तर बल्ब वर घ्या. खाली भाताचं तूस टाका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात.

— पिंजरा आत्ता नकोच, महिनाभर बांबूचं डालगं पुरतं. नंतर जुन्या फळ्या आणि अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, पातळ जाळी मुंगूस फाडतं, माझी चार एका रात्रीत गेली, अजून वाईट वाटतं.

— लासोटा, म्हणजे मानमोडी रोगाची लस, विसरू नका, पिल्लं ५ ते ७ दिवसांची असताना डोळ्यात एक थेंब. मानमोडी आली की खुराडं रिकामंच होतं.