पायथनचा कोड एकाच फाइलीत ठेवावा की तोडावा?

निळीशाई
माझी एक स्क्रिप्ट वाढत वाढत १४०० ओळींची झाली आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली तक्त्याची फाइल) वाचते, डेटा साफ करते, हिशेब करते, अहवाल बनवून मेल करते. चालते नीट, पण काही शोधायचं तर खालीवर करण्यातच वेळ जातो. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत मुरलेली सहकारी म्हणाली, प्रत्येक क्लासची वेगळी फाइल कर. केल्या, १७ झाल्या, आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ची, म्हणजे कोडची फाइल (मॉड्यूल) अर्धवटच तयार असल्याची, एरर सुरू झाली. शेवटी जुन्या फाइलीवर परत आले. तुम्ही कसं ठरवता?

कोडकरी
जावात पब्लिक क्लास त्याच्याच नावाच्या फाइलीत असावा लागतो. पायथनमध्ये अशी सक्ती नाही, एका फाइलीत पाच क्लास नि दहा फंक्शनं सुखाने नांदतात. पायथनसोबत येणारं, कमांडचे पर्याय वाचणारं आर्गपार्स मॉड्यूल दोन हजारांहून जास्त ओळींचं आहे, तेही एकाच फाइलीत. तेव्हा ओळी मोजू नका, कुठला भाग कशामुळे बदलतो ते बघा. सीएसव्हीचे कॉलम बदलले तर वाचणारा भाग बदलेल, मेल सर्व्हर बदलला तर पाठवणारा. तुमच्या कामात मला चार फाइली दिसतात, आणि त्यांना क्रमाने बोलावणारी छोटीशी ‘मेन’ फाइल.

उंबरठा
एररचं सांगते. पहिली फाइल दुसरीला इम्पोर्ट करते, म्हणजे तिच्यातला कोड वापरायला घेते, आणि दुसरी पुन्हा पहिलीला. इम्पोर्ट होताना फाइल वरून खाली चालते, त्यामुळे पहिली अर्धवट असतानाच दुसरी तिच्याकडे अजून तयार न झालेलं नाव मागते. इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलून वेळ मारून नेता येते, पण मी ते टाळते. दोघींना लागणारं तिसऱ्या फाइलीत काढा. मेन सगळ्यांना ओळखू दे, हिशेबाला मात्र मेलचा पत्ताही नसावा. मग हिशेबाची टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) मेल न पाठवता करता येते, आणि माझ्या लेखी फाइल तोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आणि फाइलीला ‘ईमेल’ नाव देऊ नका. पायथन आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधतो, तुमचीच फाइल उचलतो. मेल पाठवायला लागणारं पायथनचं एसएमटीपीलिब आतून पायथनचंच ईमेल मॉड्यूल वापरतं, ते कोसळेल. ‘रँडम’ हेही पायथनचंच मॉड्यूल, त्याच नावाच्या फाइलीपायी माझी अख्खी दुपार गेली होती.

सुटसुटीत
स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर कॉपी करून चालवायची असेल तर एकच फाइल बरी. बॉटल हे वेब फ्रेमवर्क मुद्दाम एकाच फाइलीत आहे. तुमची स्क्रिप्ट एकाच जागी चालत असेल तर मात्र तोडाच.

निळीशाई
एकाच जागी चालते. फोल्डर हे पॅकेज (एकत्र वापरायच्या फाइलींचा गठ्ठा) आहे असं सांगणारी इनिट फाइल लागेल का?

कोडकरी
चार फाइली एका फोल्डरमध्ये शेजारी ठेवल्या तर नाही. पुढे पॅकेज केलंत तर रिकामी का होईना, ठेवा. पायथन ३.३ पासून तिच्यावाचूनही चालतं, पण ती असली की हे पॅकेज आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मेल पाठवणारी ओळ मोकळी सोडू नका, फंक्शनमध्ये घाला आणि ते फक्त मेनमधून बोलवा. नाहीतर टेस्टमध्ये नुसतं इम्पोर्ट केलं तरी मेल सुटेल.

निळीशाई
आज फक्त हिशेब वेगळा काढला नि पहिली टेस्ट लिहिली. तारखांचं एक फंक्शन वाचन आणि अहवाल दोन्हीकडे लागतंय. त्यासाठी ‘युटिल्स’ नावाची किरकोळ कामांची फाइल करू?

उंबरठा
फाइल वेगळी करा, पण नाव ‘तारखा’ ठेवा. ‘युटिल्स’मध्ये पुढे काहीही येऊन पडतं.