डॉल्फिन दिसणं वेळेवर अवलंबून असतं

"गाईडनं पैसे घेतले आणि नुसतं पाणी दाखवलं" हे तुमच्या डॉल्फिन-सफरीबद्दलचं वाचून हसू आलं, पण दोष सगळा त्याचा नाही बघा. तुम्हीच लिहिलंय की बेळगावातून आठला निघून आंबोलीत नाष्टा केला, म्हणजे होडीत बसेपर्यंत दुपार झाली असणार. दुपारी समुद्रावरून वारं सुटतं, पाण्यावर पांढऱ्या लाटा उठतात, मग डॉल्फिनच्या पाठीवरचा काळपट पर आणि लाट यातला फरक कुणाला कळणार? शिवाय आपल्या किनाऱ्याला जास्त करून दिसणारा कुबडवाला डॉल्फिन टीव्हीतल्यासारख्या उड्या फारशा मारत नाही. हळूच पाठ वर, एक फुस्स, संपलं.

आम्ही गेल्या जानेवारीत पहाटे साडेतीनला बेळगावातल्या शहापुरातून निघालो (पोरांची कुरकुर, थर्मासात चहा, घाटात धुकं), सातला सिंधुदुर्गातल्या निवतीच्या किनाऱ्यावर. होडीवाल्या काकांनी इंजिन बंद केलं नि म्हणाले, "आता बोलू नका." आधी ऐकू आला तो श्वास, मग पाठी दिसल्या, तीन. ज्या होड्या डॉल्फिनच्या मागं धावत होत्या त्यांना काही मिळालं नाही. आणखी एक, इथं कुणी लिहिलं नाही म्हणून: समुद्र शांत असला तर वेंगुर्ला रॉक्सकडं (समुद्रातली खडकाळ बेटं) न्यायला सांगा. दीपगृह तर आहेच, पण तिथल्या खडकातल्या गुहांत भारतीय पाकोळ्या (छोटे पक्षी) लाळेनं चिकटवून घरटी करतात. लांबूनच बघायचं, गुहेत शिरायचा हट्ट नको.