मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये घरच्या घरी बेदाणा जमेल का?

सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो. तासगावच्या पाहुण्यांनी सोनाका द्राक्षांच्या पेट्या पाठवल्यात. शेजारीपाजारी वाटून झाली, पोरं आता बघायलाही तयार नाहीत. आई म्हणते, बेदाणा कर.

पाहुण्यांना फोन केला तर ते हसायलाच लागले. त्यांच्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर टाकतात, पंधरा-वीस दिवसांत हिरवा माल तयार. दोन किलो बेदाण्यासाठी ऑइल कोण आणतं, हा त्यांचा सवाल. बरोबरच आहे. शिवाय आईला घरात ते रसायन नकोच आहे.

पण नुसती उन्हात टाकली तर वाळायच्या आधी आंबतील अशी भीती वाटते. ऑइलऐवजी काय चालेल? बाल्कनी पश्चिमेची आहे, दुपारनंतर ऊन चांगलं येतं. गच्चीवर टाकायची तर माकडं नाहीत, पण सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

जाता जाता: शेवटचा मटारही स्वस्त मिळालाय. सोलून तसाच फ्रीझरला टाकला तर चालतो का? आमच्याकडे लाइट जाते अधूनमधून.

कवठेकर
दादा, द्राक्षाच्या सालीवर मेणचट थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. डिपिंगचं काम तो थर मोडायचं. घरी मणी देठापासून सोडवा, फुटके-मऊ बाजूला काढा (एक सडका मणी ताटभर वास लावतो). लिटरभर उकळत्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून मणी चाळणीतून काही सेकंद बुडवा. सालीवर बारीक चिरा दिसल्या की लगेच गार पाण्यात. जास्त वेळ ठेवलात तर शिजतात, मग जॅमच करा. ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र नको, सोड्यानं काळं पडतं.

हिरव्या रंगाचा नाद सोडा. तो सावली, मोकळा वारा आणि डिपिंगचा असतो. पिवळ्याला गंधकाची धुरी देतात. उन्हातला तपकिरीच होणार, चवीला कुठं कमी नसतो.

मिरजेची सून
सोडासुद्धा लागत नाही हो, आमच्या सासूबाई नुसत्या उकळत्या पाण्यातून काढतात. वेळ थोडा जास्त लागतो एवढंच. महत्त्वाचं म्हणजे ताटात नका पसरू, खालून वारा लागत नाही. चाळणी किंवा स्वच्छ जाळी विटांवर ठेवा, वरून मलमल, विटांभोवती मुंग्यांसाठी हळदीची रेघ. संध्याकाळी आत घ्या. ढग आले तर पंख्याखाली.

मटार तसाच टाकू नका. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर कोरडा करून पिशवीत. नाहीतर काही आठवड्यांत रंग आणि गोडी दोन्ही जातात. लाइटचं म्हणाल तर गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. लाइट गेली की मुलांना फ्रीजपासून लांब ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आधी सोड्याची एक चाळणी आणि बिनसोड्याची एक अशा लावतो. वाळला हे ओळखायचं कसं? आणि किती भरेल?

कवठेकर
चार किलोला साधारण एक किलो, द्राक्ष गोड असेल तर थोडा जास्त. मूठभर घेऊन दाबा: रस यायला नको, मूठ सोडल्यावर दाणे सुटे व्हायला हवेत. लगेच डब्यात कोंबू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा, म्हणजे ओला-सुका सगळा सारखा होतो. काचेला दव दिसलं तर परत उन्हात. पावसाळ्यात बरणी फ्रीजमध्येच ठेवा.

मिरजेची सून
आणि सेक्रेटरींना पहिली वाटी द्या, पुढच्या वर्षी गच्ची मिळेल.