फ्लोरिडातल्या ओकीचोबी तळ्याचा बांध दुरुस्त झाला. मग पूरविमा कशाला?

नीलिमा_फ्लोरिडा: तळ्याकाठच्या पहोकीत घर घेणारे ओळखीचे लोक हेच विचारतात. समुद्र साठेक किलोमीटर लांब, तळ्याभोवतीच्या हर्बर्ट हूवर बांधाच्या दुरुस्तीचं काम २०२३ मध्ये पूर्ण झालेलं. माझं मत: विमा घ्याच. १६ सप्टेंबर १९२८ च्या हरिकेनमध्ये (चक्रीवादळात) या काठावर अडीच हजार माणसं गेली, ती समुद्राच्या नाही, तळ्याच्या पाण्याने. तळं अफाट पसरलेलं, पण सरासरी खोली जेमतेम ९ फूट. वाऱ्याने सगळं पाणी दक्षिणेला रेटलं आणि मातीचा बुटका बांध फुटला.

श्रीधर_के: तेव्हाचा बांध आणि आजचा बांध यांची तुलनाच होत नाही. आज २३० किलोमीटर लांब, सुमारे ३० फूट उंच. गळती रोखायला आत खोल भिंत घातली, बांधाखालून पाणी नेणारे जुने कल्व्हर्ट बदलले, अब्जावधी डॉलर ओतले. उसाच्या शेतात राबणाऱ्याला विम्याचा हप्ता परवडतो का, ते आधी सांगा. भीती घालून गावं ओस पडतील.

काळीमाती: श्रीधरजी, बांध भक्कम आहे, पण जमीन खचतेय त्याचं काय? तळ्याजवळच्याच बेल ग्लेड गावातल्या संशोधन केंद्रात १९२४ मध्ये ९ फुटी खांब खडकापर्यंत ठोकला, वरचं टोक जमिनीच्या पातळीत ठेवून. आज तो ५ फुटांहून जास्त उघडा आहे. दलदल उपसून शेती केली, ती काळी माती हवा लागून कुजत जाते. शिवाय बांध तळ्याला अडवतो, गावात पडणाऱ्या पावसाला नाही. ते पाणी पंपांनीच काढायचं.

अनघा_र: मग गावंच उठवा, असं कुणीतरी म्हणेल. मला ते अजिबात पटत नाही. १९२८ मध्ये मेलेले बहुतेक कृष्णवर्णीय शेतमजूर होते. किनाऱ्यावरच्या वेस्ट पाम बीच शहरात त्यांच्यातल्या ६७४ जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, शवपेट्या गोऱ्यांना मिळाल्या. आता त्याच वस्तीला हप्ता भरा नाहीतर निघा म्हणायचं? हप्त्यात सरकारने वाटा उचलावा.

श्रीधर_के: वाटा उचलला तर माझा विरोध नाही. सक्तीला आहे.

नीलिमा_फ्लोरिडा: सक्ती मीही मागत नाही. पण नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत, आणि सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. जूनमध्ये हरिकेनचा हंगाम सुरू होतो, त्याच्या महिनाभर आधी कागद करा.